रॉकेलने धुतलेले हात

१२ मार्च १९९६, मंगळवार. पेण. मुले सत्तावीस, तपासणारी एक.

तपासणारीचे नाव नमिता हिरामण म्हात्रे. वय अठ्ठावीस, मूळ गाव धरमतरच्या खाडीकाठचे, मुक्काम रोह्यात. शिबिर ज्या सभागृहात भरले होते तिथे एरवी लग्ने लागत. भिंतीवर कुणाच्या तरी नावातली थर्माकोलची दोन अक्षरे अजून चिकटून होती. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, त्यातून जेवणाचा अर्धा तास वजा केल्यावर एका मुलाच्या वाट्याला सोळा मिनिटे येत होती. हा भागाकार नमिताने आदल्या संध्याकाळीच करून पाहिला होता. पूर्ण तपासणीला किमान तीन बैठका लागतात, हे तिला शिकवलेले होते आणि ते तिला आठवतही होते. तरी ती बसली, कारण ती बसली नसती तर कुणीच बसणार नव्हते. हे कारण खरे होते. ते पुरेसे होते का, हे तिने त्या दिवशी स्वतःला विचारले नाही.

तिचा व्यवसाय त्या काळी जिल्ह्यात फारसा कुणाला ठाऊक नव्हता. मुंबईच्या सरकारी महाविद्यालयातून ती व्यवसायोपचाराचे शिक्षण घेऊन आली, तेव्हा मिठागरात राबलेले तिचे वडील हिरामण गावात सांगत, "माझी पोर लोकांना धंद्याला लावते." कुणी नोकरीसाठी चिठ्ठी मागायला आले की ते गालात हसून तिच्याकडे बोट दाखवत. प्रत्यक्षात ती रोह्यात कारखान्यांच्या यंत्रांत सापडलेली बोटे पुन्हा घास उचलू लागतील एवढी हलती करण्याचे काम करी. मुले तिच्याकडे पुढे येऊ लागली. स्पर्श, आवाज, वास, तोल, सांध्यांवर येणारा भार यांतून शरीराला जे कळते, त्याची मेंदूत जुळणी व्हावी लागते. काही मुलांत ती नीट होत नाही. एखाद्याला सदऱ्याची शिवण काट्यासारखी टोचते, एखादे मूल भांडे पडल्याच्या आवाजाने तासभर थरथरते, एखादे भिंतींना धडका देत फिरते. घर अशा मुलांना हट्टी म्हणते, शाळा मंद म्हणते. या दोन शब्दांच्या मागे काय आहे ते शोधणे, हे नमिताचे काम.

शिबिर जिल्ह्यातल्या एका स्वयंसेवी संस्थेने भरवले होते. पुण्याकडच्या मतिमंद मुलांच्या एका निवासी संस्थेत रायगडच्या मुलांसाठी अकरा जागा मिळाल्या होत्या, आणि त्या कुणाला द्यायच्या हे नमिताच्या कागदावरून ठरणार होते. कागदाच्या तळाशी तीन पर्याय छापलेले होते: शाळेत राहावे, घरी राहावे, निवासी संस्थेत जावे. एकावर खूण करायची होती.

चौदाव्या क्रमांकावर हमरापूरची भाविका होती. वय सहा. आई सगुणा तिला दंडाला घट्ट धरून आत घेऊन आली. नमिताने मुलीच्या तळहातावर कापसाचा बोळा फिरवला, मुलगी किंचाळली. मऊ ब्रश टेकवला. मुलगी टेबलाखाली गेली. कापडी पिशवीत हात घालून न पाहता वस्तू ओळखायची, कंगवा, किल्ली, चमचा, गोटी, असा एक साधा खेळ या तपासणीत असतो. भाविकाने पिशवीत हात घातलाच नाही. नाव विचारले तर उत्तर आले नाही. दोन्ही मुठी वळून तिने नाक खांद्यात खुपसले होते.

"घरी अशी नाय करत ताई," सगुणा म्हणाली.

हे वाक्य सकाळपासून नमिताने तेरा वेळा ऐकले होते. ते तिने लिहिले नाही. तिने लिहिले: "तळहात लाल. स्पर्श अजिबात सहन होत नाही. सूचनांचे आकलन नाही. तीव्र मतिमंदत्वाची शक्यता." आणि तिसऱ्या पर्यायावर खूण केली. खोलीत रॉकेलचा वास येत होता. मागे चहासाठी स्टोव्ह पेटवला असावा, असे तिला वाटले.

निवड समितीची बैठक शनिवारी, ३० मार्चला रोह्यात होती. निवडलेल्या मुलांना सोमवारी, १ एप्रिलला पुण्याकडे न्यायचे होते. भाविकाचे वडील प्रविण रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टवर होते. त्यांनी संमतीपत्रावर सही लगेच दिली. फक्त आईची सही राहिली होती. ती घ्यायला २१ तारखेला दुपारी नमिता हमरापूरला गेली.

हमरापूरला पोचलेल्याला पत्ता विचारावा लागत नाही. प्रत्येक पडवीत आणि प्रत्येक मांडवाखाली गणपतीच्या मूर्ती असतात. मार्चमध्ये त्या पांढऱ्या असतात, डोळे नसलेल्या. सगुणा गोविंदाशेठच्या कारखान्यात फिनिशिंगला होती. साच्यातून निघालेल्या मूर्तीवर दोन भागांचा सांधा राहतो. तो काचकागदाने घासून नाहीसा करायचा. नमिता पोचली तेव्हा सगुणा डोळे मिटून एका मूर्तीच्या दंडावरून बोटाचे टोक फिरवत होती. डोळ्याला न दिसणारा सांधा तिला बोटाने सापडत होता.

तिने नमिताला पाहिले, आणि पाहताच ती उठून आत गेली. नमिता तिच्या मागोमाग गेली. मागच्या अंगणात एका कढईत रॉकेल होते. सगुणाने भाविकाचे हात मनगटापर्यंत त्यात बुडवले, काथ्याचा बोळा घेतला आणि घासू लागली. मुलगी ओरडत नव्हती. तिने दात आवळले होते.

"हे काय करताय?"

"हात धुते. तुम्ही आलात ना. मूर्तीखालचे पाट रंग लावून ठेवतात, त्या ओल्यावरच ही कवा पण हात दाबून उभी राहते. सगळा ऑइलपेंट. पाण्यानं जात नाय."

"नेहमी असंच धुता?"

"सगळेच धुतात. लग्नाला जायचं, डॉक्टरकडं जायचं, तर हात नको का साफ? रंगाचे हात बघून लोक बोलतात, आले कारखान्यातले."

"पेणला आणलं होतं त्या दिवशी?"

"त्या दिवशी दोनदा धुतले," सगुणा म्हणाली. आपण नीट तयारी केली होती, हे तिला सांगायचे होते. "सकाळी एकदा, आणि यष्टीत चढायच्या आधी एकदा. पोर दाखवायची म्हणून."

नमिताने भाविकाचे तळहात उलटे करून पाहिले. कातडी भाजल्यासारखी लाल होती, बोटांच्या पेरांवर बारीक चिरा होत्या. अशा हातावर कापूसही विस्तवासारखा लागेल. "तळहात लाल", हे तिच्याच अक्षरात नऊ दिवसांपूर्वी लिहिलेले होते. तिने पाहिले होते, लिहिले होते आणि विचारले नव्हते.

तिने संमतीपत्र पिशवीतून काढलेच नाही. "आजपासून हिच्या हाताला रॉकेल लावू नका. खोबरेल लावा, सकाळ-संध्याकाळ. मी पुढच्या गुरुवारी परत येते."

"मग सही?"

"सही नको."

सगुणाने तिचा चेहरा निरखला. मग म्हणाली, "तू हिरामणदादाची पोर नाय गो? धरमतरच्या मिठागरातला? माझं माहेर तिकडंच." ताई आणि तुम्ही तेवढ्यात गळून पडले होते. "माझी पोर जाणार हाय का, ते सांग."

"मला माहीत नाही," नमिता म्हणाली. तिला त्या क्षणी एवढेच खरे ठाऊक होते.

परतीच्या एसटीत तिला आईची एक सवय आठवली. मिठागरातल्या माणसांचे तळवे मिठाने चिरत. मीठ चिरेत गेले की माणूस रात्रभर कण्हे. पण दवाखान्यात जायचे ठरले की आई वडिलांचे पाय घासून घासून धुवी आणि त्यांना खोबरेल चोळी. डॉक्टरसमोर चकाकते पाय येत. चिरा तेलाखाली असत. डॉक्टर म्हणत, विशेष काही नाही. गरीब माणूस तपासणीला जाताना स्वतःला तपासणाऱ्याच्या नजरेजोगे करून जातो, आणि नेमके जे दिसायला हवे ते झाकतो किंवा बिघडवतो. या घरात वाढलेल्या मुलीला हे कुणी शिकवण्याची गरज नव्हती. महाविद्यालयाने ते शिकवले नव्हते, हे खरे. पण ते तिला आधीपासून येत होते, आणि सोळा मिनिटांच्या खुर्चीवर बसल्यावर ती ते विसरली होती.

२८ मार्चला, गुरुवारी, ती सकाळीच हमरापूरला गेली. बैठकीला दोन दिवस उरले होते. हातांची लाली बरीच उतरली होती. नमिताने कापसाचा बोळा काढला तेव्हा सगुणाने तिचे मनगट धरले.

"हलका हात नको लावू. हलक्यानं तिला आग होते, हात बरे असले तरी. दाबून धर आधी."

"हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठं?" सगुणा म्हणाली, आणि मग थोडे हसून, "सांधा शोधायला हलका हात लागतो गो, पोरीला धरायला भारी."

नमिताने मुलीचे दंड, मनगटे आणि तळहात दोन्ही हातांनी हळूहळू दाबले. भाविकाचे खांदे खाली आले. मग पिशवी पुढे केली. त्यात या वेळी कंगवा आणि गोटी नव्हती. नमिताने कारखान्यातून साच्यातून काढलेल्या लहान वस्तू मागून घेतल्या होत्या. भाविकाने हात आत घातला. बोटे आत बराच वेळ फिरत राहिली. आईने तोंड उघडले, तेव्हा नमिताने तिला खुणेने थांबवले.

"उंदीर," भाविका म्हणाली. मग, "मोदक." मग एक वस्तू तिने पुन्हा पुन्हा चाचपली आणि म्हणाली, "कान. डावा."

गोविंदाशेठ दारात उभे राहून बघत होते. या तपासणीसाठी त्यांनी रंगाच्या फवाऱ्याचा कॉम्प्रेसर बंद ठेवला होता आणि ते खूश नव्हते. "डावा-उजवा माझ्या कारागिराला अजून कळत नाय," ते म्हणाले. "हिला पगार चालू करतो. आता मशीन लावू का?"

नमिताला नेमके तेच बघायचे होते, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती. दोन चाचण्या सुरळीत झाल्या म्हणून तिसरी टाळली, तर हा कागदही पहिल्याइतकाच अर्धवट राहणार होता. "लावा," ती म्हणाली.

कॉम्प्रेसर सुरू झाला. भाविका किंचाळली, कान दाबून गोल फिरली, एका मूर्तीला धडकली. सगुणा धावली. नमिताने तिला अडवले, आणि हे अडवणे तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात अवघड कामांपैकी एक होते. मुलगी भिंतीकडे पळाली. तिथे प्लॅस्टरची पोती रचलेली होती. दोन पोत्यांच्या मधल्या फटीत ती शिरली, पाठ एका पोत्याला लावली, पाय दुसऱ्याला रेटले आणि स्वतःला तिथे चेपून घेतले. आवाज चालूच होता. तिचे किंचाळणे थांबले. मिनिटाभराने श्वासही सावकाश झाला. मग त्या फटीतून तिने आईला हाक मारून सांगितले, "बंद करा सांग त्यांना."

नमिताने त्या दिवशी चार पाने लिहिली. मुलीला हलका स्पर्श आणि मोठा आवाज असह्य होतो. पण घट्ट दाबाने ती शांत होते, हे तिने स्वतः शोधून काढले आहे. ओल्या पाटावर हात दाबून उभे राहणे हा तिचा खोडसाळपणा नसून उपाय आहे. आकलन वयाला साजेसे. शाळेत राहावे.

३० मार्चच्या बैठकीत तीन माणसे होती, पण बोलणारे एकच, अध्यक्ष, एक निवृत्त डॉक्टर. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"दोन्हींवर सही तुमचीच?"

"हो."

"सोळा दिवसांत मुलगी बदलली?"

"मुलगी बदलली नाही. पहिल्या वेळी मी चुकले. तिचे हात रॉकेलने सोलवटले होते. मी विचारलं नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मग बाकीच्या सव्वीस जणांना काय विचारायचं राहिलं असेल?"

"ते मला सांगता येणार नाही. म्हणून सगळ्यांना पुन्हा पाहायला हवं. तसं मी लेखी देते."

"द्या. तुमचं म्हणणं न्यायाचं आहे. मग अकराही जागा आज रद्द होतील, आणि पुढच्या वर्षी ती संस्था रायगडला विचारणार नाही. तुमच्याच कागदात खांब गावची एक मुलगी आहे. घरचे कामाला जाताना तिला दोरीनं बांधून जातात, असं तुम्ही लिहिलंय. तेही चुकलंय?"

"नाही. तिच्या पायावर वळ होते."

"मग सोमवारी तिला काय सांगू?"

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा घातला आणि आवाज खाली आणला. "चौदा नंबर मी वगळतो. पालकांचा नकार, एवढंच कारण. वडलांची तशी सही आणा. तुमचा दुसरा कागद फायलीला लागणार नाही. बाकी सव्वीस कागद आहेत तसे राहतील."

"पुन्हा तपासणी व्हावी, एवढं तरी इतिवृत्तात घ्या."

त्यांनी ते घेतले. वाक्याच्या शेवटी एक शब्द स्वतःच्या हाताने जोडला: यथावकाश.

प्रविण बाहेर पायरीवर बसले होते. शिफ्ट संपवून थेट आले होते. त्यांनी नकाराचा कागद वाचला आणि पेन हातात घेतले नाही.

"आधी हो म्हणून सही घेतलीत. आता नाय म्हणून. तिथं पोरीला दोन वेळचं जेवण होतं, शिकवणारं माणूस होतं. मी रात्रभर बायकोशी भांडून तिला पटवत होतो, कारण तुम्ही लिहिलं होतं. खरं काय ते तुम्हालाच ठाऊक."

"मी चुकीचं लिहिलं होतं."

"तुमच्यासारखी शिकलेली माणसं चुकतात, तर आम्ही कुणाचं ऐकायचं?"

नमिताने पेन पुन्हा त्यांच्यापुढे धरले. प्रविण यांनी सही केली. तो कागद घेऊन ती आत गेली. लेखी निवेदन तिच्या पिशवीत तयार होते, घडी घातलेले. ते तसेच घरी आले.

ही १९९९ साली लिहिलेली हकिकत आहे. भाविका आता तिसरीत आहे. सगुणाने तिला एक जाड कापडाची पिशवी शिवून दिली आहे, त्यात वाळू आहे. वर्गात ती पिशवी मांडीवर ठेवून मुलगी बसते. हिरामण यांनी वाळूऐवजी मीठ भरायला सुचवले होते. सगुणा म्हणाली, "पावसाळ्यात पाणी सुटंल दादा, तुम्हाला पण कळत नाय?" पहिल्या आठवड्यात मुलांनी पिशवीवरून चिडवले, नंतर दोघांनी आपल्या आईकडे तशीच मागितली. कॉम्प्रेसरचा आवाज अजून सोसवत नाही. कारखान्यात हात मात्र अजूनही सगळे रॉकेलनेच धुतात. फक्त भाविकाचे तेलाने पुसतात.

नमिता अजून रोह्यात आहे. ती आता कुणाच्याही हाताला हात लावण्याआधी विचारते, आज इथे येण्यासाठी काय काय केलंत. लोक बिचकतात, मग सांगतात. कुणी मुलाला नवे, खळ असलेले कपडे घातलेले असतात. मूल गप्प बसावे म्हणून कुणी त्याला पहाटेपासून उपाशी ठेवलेले असते. हे ती आधी लिहून घेते.

पुन्हा तपासणीसाठी तिने संस्थेला दोन अर्ज केले. पहिल्याला पोच आली, दुसऱ्याला तीही नाही. मग ती सुट्टीच्या दिवशी स्वतःच गावोगाव गेली. सव्वीसपैकी पंधरा मुले घरी राहिली होती. त्यांतली नऊ तिला सापडली. नवांपैकी सात कागद बरोबर होते, दोन चुकीचे. उरलेल्या सहा मुलांची घरे कामाच्या शोधात उठून गेली आहेत आणि शेजाऱ्यांना ठिकाण सांगता येत नाही. अकरा मुले पुण्याकडे आहेत. खांबच्या मुलीला तिथे कुणी बांधत नाही, असे कळते. तपासणीची परवानगी तिथे नमिताला नाही, कारण ती त्या संस्थेची कर्मचारी नाही.

तिने त्या शनिवारी निवेदन दिले असते तर काय झाले असते, हे ठरवणे सोपे नाही, आणि ते सोपे असल्यासारखे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. एवढे सांगता येते की त्या दिवशी एका मुलीची सुटका इतरांविषयी गप्प राहण्याच्या बदल्यात झाली, आणि हा सौदा ज्यांच्या जिवावर झाला त्यांना कुणी विचारले नव्हते.

सतरा मुलांची दुसरी तपासणी झालेली नाही. ती बाकी आहे.